हेडसरांची फाईल नको, जूनमधलं टाइमटेबल बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

शिक्षक दिन जवळ आला की आपल्या पेपरात रोज कुणा ना कुणा आदर्श मुख्याध्यापकांचा फोटो असतो, फेटा, शाल, ट्रॉफी, शेजारी एखादे पुढारी. असू दे, माझी हरकत नाही, शाळा चालवायला काय लागतं ते मला चांगलं माहिताय कारण कोल्हापुरातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी क्लार्क म्हणून सगळी नोकरी काढली आणि हेडक्लार्क होऊन रिटायर झालो. आमच्याकडं शाळेतल्या क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात, आणि शाळेत जे काय होतं ते आज ना उद्या कागद होऊन भाऊसाहेबांच्या टेबलावर येतंच. त्यामुळं एक गोष्ट सांगतो जी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते, यातले बहुतेक पुरस्कार शाळा बघून मिळत नाहीत, प्रस्ताव बघून मिळतात, आणि प्रस्ताव ज्याला पुरस्कार पाहिजे त्यानंच करायचा असतो!

असे प्रस्ताव मी टाईप केलेत. पहिल्या पानावर शाळेचं ध्येयवाक्य, मग वृक्षारोपणाचे फोटो, योग दिनाचे फोटो, प्रभातफेरीचे फोटो, आपल्याच पेपरातली कात्रणं (राग मानू नका), कुठल्या कुठल्या मंडळांची प्रशस्तिपत्रं, दहावीच्या निकालाचा तक्ता, आणि सगळ्याला मिळून स्पायरल बाइंडिंग. एका वर्षी खड्ड्यात रोप लावताना सहा माणसं दिसतात, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप लावताना परत तीच सहा माणसं. एका सरांनी तर मागं पडकी भिंत दिसत्या म्हणून सगळे फोटो परत काढायला लावले, भिंत काही बांधली नाही. फाईल बघणारे फाईलची जाडी बघतात. एखाद्या साध्या मंगळवारी, न सांगता, दुसऱ्या तासाला येऊन व्हरांड्यात नुसता उभा राहिलेला परीक्षक मी माझ्या सगळ्या नोकरीत बघितला नाही.

आता कुणी म्हणेल पुरस्काराचं सोडा हो, सरकारी मूल्यमापन असतं की. असतं, मी कुठं नाही म्हणतोय. मुख्याध्यापकांचा गोपनीय अहवाल, म्हणजे सीआर, आमच्याकडं संस्थेचे सचिव लिहायचे. सचिव शाळेत यायचे पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला आणि गॅदरिंगला. त्यांना हेडसरांचं नेतृत्व दिसणार ते एवढंच की गाडीजवळ कोण आलं, हार वेळेवर आला का आणि संस्थेच्या कार्यक्रमाला हॉल आणि पोरं मिळाली का. आणि यावर 'अ' का 'ब' ते ठरतं!

शाळासिद्धी आली २०१५ ला, दिल्लीच्या न्यूपा या सरकारी शिक्षण संस्थेनं केलेली, जिला आता नीपा म्हणतात. सात क्षेत्रं, छेचाळीस मानकं, प्रत्येकाला तीन पातळ्या. त्यातलं एक आख्खं क्षेत्र शाळेच्या नेतृत्वाचंच आहे, शाळेची दिशा कोण ठरवतं, बदल कोण घडवून आणतं, शिकण्या-शिकवण्याचं नेतृत्व मुख्याध्यापक स्वतः करतात का, असले प्रश्न. प्रश्न चांगले आहेत, खोटं कशाला बोलू. पण ते भरायचं कुणी, तर शाळेनं स्वतः. म्हणजे कॉम्प्युटर येणारे एक सर आणि मी, रात्री जेवण करून परत शाळेत, कारण दिवसा वेबसाईट उघडायची नाही. मी फोनवर विचारलं, सर नेतृत्वाला कितवी पातळी टाकू. तिकडनं उत्तर आलं, "टाका की तिसरी भाऊसाहेब, आपण काय कमी हाय व्हय?" टाकली तिसरी. झालं नेतृत्वाचं मूल्यमापन.

मग माझी शाळा सुंदर शाळा हे शाळांच्या स्पर्धेचं सरकारी अभियान आलं. त्याच्या २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात एकूण १५० गुण होते, त्यातले पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३. म्हणजे पोरं शिकली का याला जेवढे गुण त्याच्या पावणेदोन पट जीआर पाळले का याला. आता स्क्वाफ आलंय, म्हणजे शाळेच्या गुणवत्तेचं नवीन मूल्यमापन, त्याला सव्वाशेवर मानकं आणि पुराव्याला ड्राईव्हच्या लिंका. मी रिटायर झालोय म्हणून सुटलो, पण आमचे जुने सहकारी फोन करून सांगतात की मुलांचा फोटो घेतल्याशिवाय आता मुलांना पाणी पण प्यायला देत नाहीत. गमतीनं म्हणतात, पण गंमत पूर्ण नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुख्याध्यापक कसा आहे हे त्यानं भरलेल्या कागदावरनं कळत नाही, ते त्याच्या हाताखाली जे दिवसभर असतात त्यांना माहीत असतं आणि शाळेच्या रोजच्या कारभारात ते उघड दिसतं. कुठं बघायचं ते माहीत पाहिजे.

मी पहिल्यांदा जूनमधलं टाइमटेबल बघेन. बाहेरच्याला टाइमटेबल म्हणजे नुसते चौकोन वाटतात पण शाळेतल्या माणसाला त्यात सगळं राजकारण वाचता येतं. दहावी अ कुणाला दिली, नववी ड कुणाला दिली. बहुतेक ठिकाणी काय होतं, सिनियर आणि वजनदार शिक्षकांना दहावी अ, सकाळचे तास, आणि काल-परवा लागलेल्या शिक्षणसेवकाला नववी ड, जेवणानंतरचे तास, गणित. म्हणजे जिथं सगळ्यात तरबेज माणूस पाहिजे तिथं सगळ्यात नवखा. आणि त्या ड मध्ये कोण असतं तर ज्यांची आई सकाळी चार घरची भांडी करून येते ती पोरं, वीटभट्टीवरची पोरं, वडील ड्रायव्हर असून महिना महिना घरी नसतात ती पोरं. मार्कावरनं तुकड्या पाडल्या की हे आपोआप होतं, जात कुणी विचारत नाही, पण तुकडीत कोण कुठं बसलंय ते हजेरीपटावरनं दिसतंच. ज्या कोल्हापूरच्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला, तिथं आपण एकाच इमारतीत परत वेगळ्या शाळा काढल्यात असं मला नेहमी वाटायचं, पण क्लार्कचं कोण ऐकणार.

आमच्याकडं एक मॅडम मुख्याध्यापिका होत्या. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. स्वभावानं म्हणाल तर तिखट, माझं आणि त्यांचं मस्टरवरनं, पगारबिलावरनं कायम वाजायचं, फायली त्यांच्या टेबलावर आठ आठ दिवस पडून असायच्या, कार्यालयीन काम म्हणाल तर बाईंना मी काठावर पास करेन. पण त्यांनी पहिल्याच जूनमध्ये नववी ड चं गणित स्वतःकडं घेतलं, ते पण शेवटचा तास. मुख्याध्यापकांना तास कमीच असतात, त्यांनी सोप्या वर्गावर मराठीचे दोन तास घेऊन मोकळं व्हायचं असा रिवाज. मॅडमनी ड घेतल्यावर स्टाफमध्ये आठवडाभर नुसती कुजबुज. पण ऑगस्टपर्यंत दोन सिनियर सर आपणहून येऊन म्हणाले की विज्ञान आणि इंग्लिश आम्ही घेतो ड चं. त्यांना मॅडमनी भाषण दिलं नव्हतं, मीटिंग घेतली नव्हती, नोटीस काढली नव्हती, नोटीस काढली असती तर मला माहीत असतं, टाईप मीच करायचो.

दुसरी गोष्ट दहावीचा निकाल. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथं सगळ्यात मोठी फसवाफसवी चालते आणि आपले पेपर पण त्यात येतात. शंभर टक्के निकाल! गावभर फ्लेक्स, मुख्याध्यापकांचा फोटो सगळ्यात मोठा. आता हा शंभर टक्के कसा लागतो बघा. नववीला समजा एखाद्या शाळेत साठ पोरं आहेत, त्यातली दहा-बारा कच्ची. एप्रिल-मे मध्ये त्यांच्या पालकांना बोलवून घेतात, चहा देतात, आणि समजावून सांगतात की तुमच्या पोराला रेग्युलर झेपायचं नाही, दाखला काढून घ्या आणि बाहेरनं सतरा नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे त्याला पण टेन्शन नाही. पालक बिचारे सरांवर विश्वास ठेवतात. पोरगं मग कुठल्या गॅरेजला लागतं, कुठं सेंट्रिंगच्या कामाला जातं, त्यातली काही फॉर्म भरतात काही भरत पण नाहीत. शाळेत उरतात अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस पास, शंभर टक्के. सतरा नंबर फॉर्म ही सोय मुळात वाईट नाही, शाळा सुटलेल्यांना परत परीक्षेला बसता यावं म्हणून ती आहे, पण शाळा सोडायला लावण्यासाठी ती नाही ना.

मॅडमनी असले दाखले द्यायचं बंद केलं. माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, भाऊसाहेब, नववीतनं बाहेर जाणारा प्रत्येक दाखला सहीला आणताना पालकाला घेऊन यायचं, मी त्यांच्याशी बोलल्याशिवाय सही नाही. पालक बोलल्यावर दाखला न घेताच परत गेले. त्या वर्षी निकाल शंभरावरनं खाली आला, नव्वदीत कुठंतरी. संस्थेनं खुलासा मागितला. मीच टाईप केला तो खुलासा, एका ओळीचा होता, की या वर्षी नववीतली सगळी मुलं दहावीला बसवली. सीआरला 'ब' आला. जी पोरं नापास झाली त्यातली बरीचशी पुढच्या परीक्षेला सुटली, त्याचा फ्लेक्स कोण लावणार?

म्हणून माझा पहिला प्रश्न कुठल्याही मुख्याध्यापकाला हाच असेल, गेल्या वर्षी नववीला किती होते आणि या वर्षी तुमच्या शाळेतनं दहावीला किती बसले. हे आकडे लपलेले नाहीत, यूडायसवर, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर, इयत्तावार पट दरवर्षी भरावाच लागतो. बदली, स्थलांतर होतं, वीटभट्टी आणि ऊसतोडीची पोरं जातात-येतात हे मान्य, पण तेवढं वजा करून पण जो फरक उरतो तो बोलतो. शिक्षण विभागाला हे काढायला एक दुपार पुरे.

शाळेचं वातावरण, ज्याला हल्ली सगळे स्कूल कल्चर म्हणतात, ते तपासायचं असेल तर हेडसर रजेवर असतील त्या दिवशी जा. आमच्याकडंच एक सर होते, पुरस्कारवाले, टेबलावर सीसीटीव्हीचा स्क्रीन, एखादे शिक्षक खुर्चीवर जरा टेकलेले दिसले की लगेच स्पीकरवरनं नाव घेऊन घोषणा. पोरांसमोर! शिस्त लई कडक, बाहेरचे लोक म्हणायचे काय शाळा ठेवल्या सरांनी. आणि सर पुरस्कार घ्यायला पुण्याला गेले की स्टाफरूममध्ये जत्रा, ऑफ तासाला वर्ग मोकळे, ग्राउंडवर सकाळपासनं फुटबॉल. म्हणजे शिस्त सरांची होती, शाळेची नव्हती. स्टाफरूममध्ये कुणी काही बोलायचं नाही कारण कोण आत जाऊन सांगेल भरवसा नाही. शिक्षक सभेचं इतिवृत्त मी लिहायचो, त्या काळातली इतिवृत्तं काढून बघा, प्रत्येक विषयाच्या शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. एकदा तरी कुणी विरोध करायला नको?

मॅडमच्या काळातली इतिवृत्तं वाचायला गंमत येते. सहामाहीच्या निकालावर मीटिंग असली की कोण किती नापास हा विषयच नाही, त्या विचारायच्या की पेपरातला कुठला प्रश्न सगळ्यात जास्त पोरांनी सोडला. मग त्यावर भांडणं, भूगोलाचे सर म्हणणार प्रश्नच वाईट काढलाय, दुसरे म्हणणार तो धडाच नीट झाला नाही, आणि कधी कधी ज्यानं शिकवलं तोच म्हणायचा की होय, तो भाग माझ्याकडनं राहिला, परत घेतो. असं उघडपणे म्हणता येणं हीच मोठी गोष्ट आहे बघा, दुसरीकडं असं म्हटलं की लॉगबुकात लाल शेरा आणि मेमो. मॅडमचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या बराच काळ नव्हत्या, तेव्हा परिपाठ वेळेवर, घंटा वेळेवर, आणि ऑफ तासाला कोण जाणार ते शिक्षकच फळ्यावर लिहून ठेवायचे. शिपाई मामा मला म्हणाले, बाई नाहीत हे पोरांना अजून कळलंच नाही वाटतं.

तक्रारपेटी बघा कुठं टांगल्या. बदलापूरचं प्रकरण झाल्यापासनं, २०२४ च्या ऑगस्टपासनं, तक्रारपेटी, सीसीटीव्ही, मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती सगळ्याची तपासणी जोरात चालू झाली. समितीचा जीआर २०२२ चा, तोवर बऱ्याच शाळांत ती कागदावरच होती. आता बोर्ड लागलेत. पण पेटी हेडसरांच्या केबिनच्या दाराशेजारी, वर कॅमेरा, समोर मामांचा स्टूल, आणि किल्ली हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये, त्यात कुठली आठवीतली मुलगी चिठ्ठी टाकणार? नियम पाळला गेला, मार्क मिळाले. पेटी मुलींच्या टॉयलेटकडच्या बोळात लावावी एवढं ज्याला सुचतं तो माणूस मुलींच्या जागी उभा राहून विचार करतोय, मला मूल्यमापनात त्याला मार्क द्यायला आवडतील. टॉयलेटबद्दल वेगळं लिहीत नाही, त्याच्यावर आपल्याकडं पत्रं येतच असतात.

आता व्हिजन. हा शब्द हल्ली प्रत्येक भाषणात असतो आणि प्रत्येक गेटवर ऑइलपेंटनं ध्येय आणि उद्दिष्टं लिहिलेली असतात, आमच्याकडं पण होती, त्यातलं 'सर्वांगीण' दर पावसाळ्यात पुसायचं आणि दर जूनमध्ये परत रंगवायचो. कोल्हापूरकरांना व्हिजन शिकवायला बाहेरच्या कुणी यायची गरज नाही. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा नुसतं सर्वांनी शिकावं असं म्हणून थांबले नाहीत, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड लावला, त्या काळचा एक रुपया. आणि त्याच्या आधी १९०१ पासनं बोर्डिंगं काढली, का, तर खेड्यातलं पोरगं शिकायला आलं तर राहणार कुठं, जेवणार काय. अडचण कुठं येणार ते आधी बघून ठेवायचं आणि तिथं पैसा घालायचा. लीलाताई पाटलांनी १९८५ ला इथंच सृजन आनंद विद्यालय काढलं, अध्यापक महाविद्यालयात शिक्षक घडवण्यात आयुष्य घालवलेल्या बाई, निवांत बसल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं, पण मारल्याशिवाय, भीती घातल्याशिवाय पोरं शिकतात हे त्यांनी लहानशा शाळेत रोज करून दाखवलं. आणि फार लांब कशाला, जरगनगरला महापालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून गुढीपाडव्याला पालक रांगा लावतात, मराठी शाळा, ती पण महापालिकेची, आणि रांगा! तिथं गेटवर काय रंगवलंय मला माहीत नाही, बघायची गरज पण वाटत नाही.

पण मुख्याध्यापकांवर नुसतं बोट दाखवून मोकळं होणं बरं नाही, त्यांच्या बाजूनं पण लिहायला पाहिजे. खाजगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापक होतो तो सेवाज्येष्ठतेनं, १९८१ ची नियमावली तसं सांगते. यात एक चांगलं आहे की संस्थाचालकाला आपला भाचा आणून बसवता येत नाही (प्रयत्न होतात, कोर्टात जातात). पण दुसरी बाजू अशी की माणूस सगळी नोकरी वर्गात शिकवतो, ३१ मे ला आधीचे सर रिटायर होतात आणि दुसऱ्या दिवशी हा त्या खुर्चीत. मधी ट्रेनिंग काय, तर काही नाही. २०२० च्या नव्या धोरणात मुख्याध्यापकांना वर्षाला पन्नास तास नेतृत्व-व्यवस्थापनाचं प्रशिक्षण पाहिजे असं लिहिलंय, प्रत्यक्षात जी ट्रेनिंगं मी बघितली त्यात निम्मा वेळ ॲप कसं भरायचं यातच जायचा. आणि निवृत्तीचं वय अठ्ठावन्न असल्यामुळं यादीतल्या कित्येकांच्या वाट्याला मुख्याध्यापकपद येतं ते एक वर्ष, दीड वर्ष. अशा माणसाकडनं कसली व्हिजन मागायची, त्याचा पहिला टर्म फायली समजून घेण्यात जातो आणि दुसरा स्वतःच्या पेन्शनची फाईल करण्यात. सलग तीन-चार वर्षं मिळाली तर माणूस काहीतरी करेल, आमच्या मॅडमना ती मिळाली म्हणून तर ड तुकडीचं एवढं झालं.

त्यात परत शाळेत माणसं नाहीत. शिपायांची पदं २०२० च्या जीआरनं गेली, आता शाळेला भत्ता मिळतो, तेवढ्यात कोण येणार घंटा द्यायला आणि झाडायला. क्लार्कची पदं रिकामी. निवडणूक आली की अर्धा स्टाफ ड्यूटीवर, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर इकडं करवीर-शिरोळात कित्येक शाळाच छावण्या झाल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी जेवणाच्या पंक्तीपासनं जनावरांच्या चाऱ्यापर्यंत सगळं बघितलं, ते कुठल्या मानकात बसतं? तेव्हा जे त्यांच्या हातात नाही त्याचे मार्क कापू नका. इमारत गळत्या, तो दोष संस्थेचा. पण टाइमटेबल, दाखला, मीटिंगमध्ये कोण बोलू शकतं, पेटी कुठं टांगली, हे हातात आहे, त्याला जीआर लागत नाही, अनुदान लागत नाही.

मग करायचं काय, तर माझं साधं म्हणणं आहे. वर्षातनं एकदा मुख्याध्यापकांबद्दल शिक्षकांना, शिपायांना, नववी-दहावीच्या पोरांना आणि पालकांना विचारा, नाव न लिहिता, चार-पाच प्रश्न, कागदावर, ॲपवर नको. तुमची अडचण शेवटची त्यांना कधी सांगितली आणि काय झालं, त्यांनी तुमचा तास बघितला का आणि नंतर काय बोलले, शाळेत कुणाची भीती वाटते का, बस एवढंच. आणि बाहेरच्या डोळ्यांसाठी शेजारच्या दोन शाळांचे मुख्याध्यापक आणा, न सांगता, साध्या दिवशी. ही पण काय माझी कल्पना नाही, शाळांनी एकेकट्या न राहता जवळच्या शाळांचा मिळून गट करावा हे कोठारी आयोगानं साठ वर्षांमागं सांगून ठेवलंय, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्याच जिल्ह्यातले, गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करणारे. नव्या धोरणात ते शाळा संकुल परत आलंय, तर त्याचा एवढा तरी उपयोग करू या.

यावर आमच्या शिक्षक मंडळींचं म्हणणं मला आधीच ऐकू येतंय. भाऊसाहेब, अहो पार्टीबाजी होईल, पतसंस्थेच्या इलेक्शनमध्ये जे विरोधात होते ते इथं सूड उगवतील, कडक मुख्याध्यापकाला सगळे शून्य देतील आणि जो सगळ्यांना लवकर घरी सोडतो त्याला पैकीच्या पैकी. यात तथ्य आहे, कोल्हापुरात राहून मी पार्टीबाजी नाही असं कसं म्हणू. म्हणून तर मार्क मागू नका, काय घडलं ते विचारा. 'मुख्याध्यापक कसे आहेत' असं विचारलं की राजकारण येतं, 'या वर्षी त्यांनी तुमचा तास किती वेळा बघितला' असं विचारलं की खोटं बोलायला सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं, आणि आमच्या स्टाफरूममध्ये पिकनिकचं ठिकाण सुद्धा कधी एकमतानं ठरलं नाही. पोरं तर अजिबात पार्टीबाजी करत नाहीत, पोरांना विचारून बघा एकदा, मॅडम तिखट होत्या तरी ड मधल्या पोरांनी त्यांच्याबद्दल काय लिहिलं असतं ते मी सांगू शकतो. आणि हे सगळं सीआरला जोडून कुणाचं इन्क्रिमेंट अडवायला वापरू नका, निदान पहिली दोन वर्षं नकोच, आलेलं फक्त मुख्याध्यापकांच्या हातात द्या आणि शाळा व्यवस्थापन समितीत, जिथं तीन चतुर्थांश पालक असायला पाहिजेत, तिथं वाचा. नववी-दहावीच्या पटाचा फरक तेवढा नोटीस बोर्डावर लावा, तो लपवायचं काही कारण नाही.

शिक्षणाधिकारी साहेबांनी हे पत्र वाचलं तर त्यांना एकच विनंती, हे भरलेले कागद शाळेच्या ऑफिसमध्ये गोळा करू नका, केंद्रप्रमुखांनी वर्गावर जाऊन स्वतः घ्यावेत आणि तिथंच पाकीट चिकटवावं. भाऊसाहेब लोकांना गोंदाचं पाकीट वाफेवर उघडून परत चिकटवता येतं, कसं ते विचारू नका.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती)